गोल ओव्हन आणि फाडलेलं दूध

मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा डाळ-तांदळाचा मोठा डबा असावा. झाकणाच्या मधोमध बसवलेली वाटोळी काच दिसली की मग तो विचारात पडतो. मित्रांनो, मी डबा नाही. मी कडावच्या सोनुबाईंचा जुना गोल ओव्हन आहे. आज जे सांगणार आहे, ते सांगताना वायर न लावताच माझं अंग गरम होतंय. शरमेनं होतंय, दुसरं काय!

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यावर गरागरा फिरवून मला पोट दिलं, तळाशी तारेचं वेटोळं बसवलं आणि दोन्ही बाजूंना कान जोडले. कर्जतच्या एका भांड्यांच्या दुकानात सोनुबाईंनी मला पसंत केलं. तेव्हा त्या तरुण होत्या आणि तालुक्याच्या गावी नानकटाई शिकायला जायच्या. पुढे कितीतरी वर्षं कडावात कुणाच्याही पोराचा वाढदिवस असला की केक माझ्याच पोटातून निघायचा. घरच्या म्हशीच्या दुधावरची साय त्यात सढळ हातानं पडायची. पोरं माझ्या काचेला नाक लावायला धावायची आणि सोनुबाई ओरडायच्या, "भाजशील रं मेल्या!" फार सुखाचे दिवस होते ते.

मग कर्जतला केकची दुकानं आली. क्रीमची फुलं, वर पोराचं नाव. माझा साधा तपकिरी केक कोण खाणार? मला माळ्यावर चढवलं आणि माझ्या पोटात वालाचं बियाणं भरून ठेवलं. उंदीर आत शिरू शकत नाहीत, एवढाच काय तो माझा उपयोग उरला. मला राग यायचा. पण माळ्यावर रागावून कुणाला कळणार?

मला खाली उतरवलं ते हर्षलानं. ती सोनुबाईंची सून, माहेर शेलूचं. तिचा धाकटा भाऊ कमलेश माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. लग्नाआधी तो सुट्टीवर घरी आला की बहिणीला एक इटालियन पदार्थ करून घालायचा. शंखाच्या आकाराचा मोठा पास्ता, त्यात मऊ चीजचं सारण, वर टोमॅटोची लसूण घातलेली चटणी आणि पुन्हा चीज, आणि मग सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. लग्न होऊन कडावला आल्यापासून हर्षलानं तो खाल्ला नव्हता. कुणी नको म्हटलं नव्हतं. तिनं मागितलाच नव्हता. घरात भात, वाल, सुकट, कधी मटण. आपल्या एकटीच्या जिभेसाठी चूल पेटवायची म्हणजे तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

त्या आठवड्यात सोनुबाई खालापूरला बहिणीकडे साखरपुड्याला गेल्या. एकच रात्र राहणार होत्या. गोठ्यातली भिंगरी म्हैस त्यांनी मुलाच्या, संतोषच्या, भरवशावर सोडली. संतोष खोपोलीला कंपनीत कामाला जातो. सकाळ-संध्याकाळ पिळायचं त्यानं कबूल केलं. पण भिंगरीला सोनुबाईंच्याच हाताची सवय. संतोष खाली बसला की ती पान्हा चोरायची. अर्धी बादली कशीबशी भरायची, बाकीचं दूध कासेतच राहायचं. त्यानं आईला फोन केलेला मी पडवीतून ऐकला. कमलेश पास्ता घेऊन येणार म्हणून हर्षलानं मला तिथे घासूनपुसून वाळत ठेवलं होतं आणि पडवीला लागूनच गोठा आहे.

त्याच दिवशी कमलेश माथेरानहून उतरला आणि ताईसाठी पास्त्याचं पाकीट आणि किसायचं चीज ठेवून गेला. जाताना म्हणाला, "ताई, आतलं सारण घरीच कर गं. दूध तापव, लिंबू पिळ, फुटलं की फडक्यात बांध. एवढंच."

एवढंच! मित्रांनो, या घरात दूध फाडत नाहीत. नासलं तर नाइलाज, पण आपल्या हातानं कुणी फाडत नाही. ज्या घरात दुभतं जनावर आहे तिथे मुद्दाम दूध फाडलं तर जनावराची कास बिघडते, असं सोनुबाईंच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते हर्षलाला सांगितलं होतं. हर्षलाला ते पटलं नव्हतं. पण मोडलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते मोडलं. दाराला कडी घालून. पातेल्यात लिंबू पिळताना तिनं गोठ्याकडे पाठ केली होती. फुटलेलं दूध गाळून घेतलं, त्यात मीठ, मिरपूड, उकडून चिरलेला पालक कालवला. शंख उकळत्या पाण्यात थोडे कच्चेच ठेवले आणि एकेक हातात घेऊन चमच्यानं भरले. माझ्या जुन्या केकच्या भांड्यात आधी चटणी, तिच्यावर शंख, वर किसलेलं चीज. मग झाकण बसलं आणि कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात ऊब आली. मी काय सांगू तुम्हांला! मला वरून आच नाही, त्यामुळे चीज लालसर झालं नाही, पण असं वितळून पसरलं की हर्षला काचेवर वाकून हसली. मी तेव्हा फुशारलो होतो. त्या फुशारकीची मला आता लाज वाटते.

सोनुबाई एकीच्या दोन रात्री राहून तिसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. हर्षलानं त्यांच्यासाठी वाटीत काढून ठेवलेले शंख गरम करून दिले.

"आतमधी काय हाय गं हे? ग्वाड लागतंय."

"पनीर आहे आई. कर्जतहून मागवलं होतं," हर्षला म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

संध्याकाळी भिंगरीनं कासेला हातच लावू दिला नाही, लाथा झाडल्या. सकाळी सोनुबाईंनी तिला गोंजारून कशीतरी पिळायला घेतली. मागचा एक सड टणक झाला होता. दाबला तर भिंगरी थरथरली, आणि बादलीत धार पडली नाही. पाणी पडलं, आणि त्या पाण्यात पांढरे गोळे.

हर्षला मागेच उभी होती. तिनं ते पाहिलं. फडक्यात बांधलं होतं अगदी तसंच, फाटलेलं दूध, जिवंत जनावराच्या अंगातून आलेलं. तिच्या हातातली वैरण खाली पडली. मला घासून पुन्हा पडवीत ठेवलं होतं, तिथून मीही ते पाहिलं, मित्रांनो. आणि ते दूध शिजलं होतं माझ्याच आत.

डॉक्टर आले. त्यांनी सुई दिली आणि म्हणाले, "दगडी झालीय, कास सुजून कडक झालीय. दूध कासेत तुंबलं आणि गोठाही ओला आहे. घाण आत शिरली. दोन दिवस कोण पिळत होतं?"

"मी," संतोष म्हणाला. "आई नव्हती. मला पुरतं पिळू देत नव्हती ती."

"तीन सड वाचतील. चौथ्याचं सांगता येत नाही. दिवसातून अनेकदा रिकामा करा, आणि ते दूध टाकून द्या."

डॉक्टरांनी कारण इतकं उघड सांगितलं होतं. दूध फाडण्याच्या आधीच भिंगरी पान्हा चोरत होती, हे हर्षलालाही ठाऊक होतं. पण अपराधी मन हिशेब करत नाही, ते आपल्यालाच पुढे करतं. ती जेवेना. शेणमूत काढायची, गोठा कोरडा करायची, म्हशीच्या तोंडाशी उभी राहून काहीतरी पुटपुटायची. शेजारची ठमी म्हैस बघायला आली आणि सहज बोलून गेली, "घरात कुणी दूध नासवलं काय गं?" हर्षला खाली वाकून शेण ओढायला लागली. सोनुबाई बादलीत बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

त्यांचं ते न बोलणं मला खटकलं. जी सासू एरवी लिंबाच्या सालीवरूनही सुनेला बोलली असती, ती गप्प का? हर्षलाला वाटलं, त्यांना ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी भिंगरीखाली बसल्या असताना तिला ते सहन झालं नाही.

"आई, हे माझ्यामुळं झालंय. पनीर कर्जतचं नव्हतं. मी भिंगरीचं दूध फाडलं. मला खायची इच्छा झाली म्हणून."

सोनुबाई सड पिळत राहिल्या. "ठावं हाय मला."

"कसं?"

"जन्म गेला माझा हिच्या दुधात, मला कळनार नाय? पयल्याच घासाला कळलं."

"मग बोललात का नाही?"

"काय बोलू? संतोषचा फोन आला व्हता मला. म्हस पान्हा चोरते, ये म्हनून. मी म्हटलं, एक दिस चोरला तर काय मरत नाय. भनीच्या अंगनात बसून गप्पा मारत व्हते गं मी. लगीन झाल्यापासून दोन रात्री कुठं सलग राहिले नव्हते. उठावंसंच वाटंना." त्यांचा पिळता हात चालूच होता. "डाक्टर बोलला तवाच मला उमगलं, माझ्यापायी झालं. पन तू रडत व्हतीस. मला वाटलं, हिला वाटतंय हिनं केलं, तर वाटू दे. ठमी इचारत व्हती तवा मी खरं काय ते बोलू शकले असते. नाय बोलले. तुझ्या माथ्यावर जातंय तर बरं वाटलं मला. हे पाप म्हशीला सोडून बसल्याच्या पापाहून मोठं हाय, हर्षला."

 हर्षलानं डोळे पुसले आणि बादली पुढे सरकवली. सोनुबाई उठल्या आणि म्हणाल्या, "बस हितं. अंगठा आत नको दाबू. अस्सा. तुझाबी हात लागू दे तिला. उद्या मी गेले, नायतर तू गेलीस, तर जनावर अडू नये."

त्याच संध्याकाळी सोनुबाई ठमीच्या दारात गेल्या. ठमीला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. पण नंतर ठमी हर्षलासाठी ताज्या मेथीची जुडी घेऊन आली आणि बराच वेळ ओशाळून बसली.

भिंगरीचे तीन सड वाचले. चौथा गेला. आता हर्षला पिळते तेव्हाही ती पान्हा सोडते. आणि मी माळ्यावर गेलो नाही. सोनुबाईंनी डॉक्टरांचं ऐकलं, गोठ्यात सिमेंटचा कोबा केला, पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. "दूध या घरात फाडायचं नाय. ठमीकडं जनावर नाय, तिकडं जा नि फाड." त्यामुळे महिन्यातून एकदा हर्षला झाकलेलं पातेलं घेऊन ठमीकडे जाते, तिथे लिंबू पिळते, आणि सारण घेऊन माझ्याकडे येते.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका, असं मी तुम्हांला सांगणार होतो. पण माळ्यावर पडून मला काही इजा झाली नव्हती. मुक्या जनावराला होते. ज्याला आपल्याच हाताची सवय लावली, त्याला सोडून जाताना दुसरा हात शिकवून जा. आपल्या आवडीचं खा, बहिणीच्या अंगणात बसा, त्यात पाप नाही. पण चूक आपली असली आणि दुसरं कुणी ती मुकाट्यानं अंगावर घेत असलं, तर त्याला घेऊ देऊ नका. लगेच बोला.

सोनुबाई उशिरा बोलल्या. अजून रोज पिळायला बसताना त्या आधी त्या कोरड्या सडावर हात ठेवतात, आणि मग दुसऱ्या सडाकडे वळतात. हर्षला पिळायला बसली की तीही तसंच करते. तिला ते कुणी शिकवलेलं नाही.