राखेत पावलं शोधणारी चाळणी

मी एक जुनी चाळणी आहे. मित्रांनो, पत्र्याचं कडं आणि तारेची जाळी, एवढाच माझा देह. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेतून मंजुळाबाईंनी मला देऊळघाटला आणलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन वर्षच झालं होतं.

आधी मी पीठ चाळलं. जाळी सैल झाल्यावर माझी रवानगी मळ्यात झाली. वांग्यांवर मावा, ती बारीक कीड, पडला की बाई माझ्यातून चुलीची राख धुरळत. काम काही मानाचं नव्हतं, पण त्यातूनच मला माझं आवडतं काम मिळालं.

मळ्याखाली पैनगंगेच्या काठी, एका खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसू लागली. पाणमांजरं आली, हे बाईंनी ओळखलं. रोज संध्याकाळी त्या काठावरच्या कपारींपुढे माझ्यातून राख चाळत आणि सकाळी वाकून पावलं पाहत. पाच बोटं, मागे शेपटीची रेघ. एका सकाळी तिसऱ्या कपारीपुढे सुपारीएवढी पावलं उमटली होती.

"पिल्लं झाले वं माय!" बाई एकट्याच हसल्या. मग मला मांडीवर घेऊन त्या झुडपाआड बसत आणि आई पिल्लांना पोहायला शिकवताना पाहत. माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते!

त्या आनंदात बाईंनी पिल्लांची आणि राखेतल्या पावलांची गोष्ट दिराला, उकंडरावांना सांगितली. पाणमांजरं त्यांची मासे धरायची जाळी फाडत, हे त्या विसरल्या. दुसऱ्याच दिवशी ते दारात आले.

"वैनी, चाळणी द्या बरं. वांग्यावर मावा पडला."

"न्या ना भाऊजी. इचारता काऊन?"

मला घेऊन ते वांग्यांकडे गेलेच नाहीत, थेट नदीवर गेले. केसाने गळा कापला त्यांनी आमचा! राख माझ्याच पोटातून पडली. सकाळी पावलांवरून त्यांनी कपार ओळखली आणि तिच्या तोंडाशी फास लावला. त्यात आई अडकून मेली.

"भाऊजी, काऊन केलं असं?" बाईंनी विचारलं.

"जाळे फाडत होतं ना. जनावरच होतं, वैनी."

बाई भांडल्या नाहीत. त्या संध्याकाळी मला घेऊन पुन्हा तिसऱ्या कपारीपुढे गेल्या. सकाळी राखेत इवली पावलं होती, तोंडापर्यंत आलेली आणि परत फिरलेली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. पाचव्या सकाळी राख संध्याकाळी पसरली तशीच होती.

तेव्हापासून मी खुंटीवर आहे. मित्रांनो, कुणी वस्तू मागायला आलं तर जरूर द्या, पण सांगितलेलं कारण खरं का, तेवढं विचारून घ्या. मला विचारायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.