टायरची चकती

टेम्पोखाली उताणा पडलेल्या ऑगस्टीनला आधी चपला दिसल्या. अंगठा सुतळीने शिवलेला, टाचेला वाडीतला ओला चिखल. चपलेचा अंगठा स्वतःच सुतळीने शिवणारा माणूस होळीच्या बाजारापासून माणिकपूरपर्यंत एकच होता, आणि आठ वर्षांत तो या गॅरेजसमोरच्या रस्त्यानेही गेला नव्हता.

"ऑगस्टीन, जरा बाहेर ये."

एडवर्ड मास्तरांचा हा आवाज तो दर रविवारी चर्चमध्ये वाचनाच्या वेळी ऐकत होता. त्या आवाजात स्वतःचं नाव ऐकायची सवय मात्र मोडली होती. तो बाहेर आला आणि चिंधीला हात पुसत राहिला, कारण हात पुसणाऱ्या माणसाला वर बघावं लागत नाही.

"रुडीची गाडी बाहेर काढायचीय," मास्तर म्हणाले. "माणिकपूरच्या एका मेस्त्रीने इंजिन चालू करून दिलं. पण थरथर अशी, की कार्मिनला नुसतं आत बसवलं तर ती कळवळली."

मास्तरांची बायको कार्मिनबाई उन्हाळ्यात विहिरीपाशी पडली होती. कमरेचं हाड वाकडं जुळून आलं आणि ती अंथरुणाला खिळली. आता मृतांचा दिवस जवळ आला होता. मुलाच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जायचंच, असा तिचा हट्ट. आणि टांगा नको, खुर्ची नको, रुडीच्या गाडीतून नेत असाल तर न्या, हा त्यावरचा हट्ट.

"झिजलं असेल ते सगळं बदल," मास्तर म्हणाले. "आवाज घालव, थरथर घालव. आणि तो मेस्त्री स्टिअरिंगला हात लावायला तयार नाही. म्हणतो, ज्याने केलंय त्यालाच बोलवा."

"उद्या येतो, मास्तर," ऑगस्टीन म्हणाला.

गाडी विलायती, दोन सीटांची, कापडी टपाची. मास्तरांच्या एकुलत्या एका मुलाने, रुडॉल्फने, ती मुंबईत एका पारशाच्या आवारातून गंजलेली उचलली आणि ऑगस्टीनच्या मदतीने पुन्हा रस्त्यावर आणली. तिचे सुटे भाग तेव्हा कुठेच मिळत नव्हते. स्टिअरिंगची दांडी खाली जिथे जोडतात तिथे रबराची एक चकती असते; ती तुटली की स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं वळत नाहीत. ती पार विरली होती. ऑगस्टीनने ट्रकच्या जुन्या टायरमधून तशीच चकती कापली आणि बसवून दिली. मग एका सकाळी, कोरड्या रस्त्यावर, लख्ख उजेडात, रुडीची गाडी वळणावर न वळता सरळ बावखलात गेली. वाडीला पाणी देणारं ते साधं तळं, कमरेच्या वर पाणी नव्हतं. रुडी स्टिअरिंगवर डोकं टेकलेला सापडला.

"मास्तर, माझंच रबर तुटलं असनार," असं ऑगस्टीनच रडता रडता बोलून गेला होता. गाडी न बघता, कोणी न विचारता. त्यानंतर दुसरं कारण शोधायची कोणाला गरज वाटली नाही. दफनाच्या वेळी तो माती द्यायला पुढे झाला तेव्हा मास्तरांनी त्याचा हात बाजूला सारला, आणि ती माती मुठीत घेऊनच तो घरी आला. गाडी बैल लावून काढली, चिखलाने जाम झालेली चाकं तशीच ओंडक्यांवरून सरकवत मास्तरांच्या शेडमध्ये नेली. वर ताडपत्री पडली. स्टिअरिंग कोणी फिरवूनही पाहिलं नाही.

लोक तर लोकच. गाडी दुरुस्तीला टाकताना हसत म्हणायचे, "टायर घालू नकोस हं, ऑगस्टीन." तोही हसायचा. स्टिअरिंगचं काम आलं की मात्र दुसरीकडे पाठवायचा. झोपेत त्याला बावखलाच्या तळाशी चकतीचे दोन तुकडे दिसत. एक उचलायला जावं तर दुसरा खोल जाई. जागा झाल्यावरही त्याच्या बोटांना गार पाणी जाणवायचं.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारांची पेटी घेऊन वाडीत गेला. इंजिन चालू केलं तसा शेडचा पत्रा थरथरला, घरातल्या फडताळातल्या कपबश्या वाजू लागल्या, आणि खिडकीतून कार्मिनबाईंचा आवाज आला.

"रुडी, हळू रे."

ऑगस्टीनने चटकन चावी फिरवली.

"चालू केली की तेच म्हणते," मास्तर म्हणाले आणि खाली बघत राहिले.

इंजिन ज्या रबरांवर बसतं ती दगडासारखी झाली होती. ऑगस्टीनने कुर्ल्याचे भंगारवाले पालथे घालून नवी रबरं आणली. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस खिळखिळा होता, तो बदलला. स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलले, पुढच्या चाकाचं बेरिंग बदललं, सायलेन्सर नव्या रबरावर टांगला. एकेक भाग बदलला की गाडीचा एकेक आवाज कमी व्हायचा, आणि खिडकीशी पडलेल्या कार्मिनबाई त्याची दखल घ्यायच्या.

"गिअर टाकताना टंग व्हायचं, ते गेलं का रे?"

"गेलं, बाई. क्रॉस झिजला होता."

"तो फाटकाशी आला की मला त्यावरनंच कळायचं. मग मी चहा ठेवायची."

ऑगस्टीनच्या हातातला पाना थांबला. आपण या घरातून रुडीला दुसऱ्यांदा बाहेर काढतोय असं त्याला वाटलं.

"काम थांबवू का, बाई?"

"नको. मला जायचंय त्याच्याकडे."

मास्तर दिवसभर शेडच्या तोंडाशी चाफ्याची कलमं बांधत बसायचे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तेच त्यांचं काम होतं. लहानशा चाकूने फांदीला तिरपा काप द्यायचा, त्यावर अंगठा फिरवून बघायचं, पटलं तरच बांधायचं. बोलायचे काहीच नाहीत. पण एका दुपारी, कापावरची नजर न काढता, ते अचानक बोलू लागले.

"त्या सकाळी मला कळलं, त्याने बँकेतली नोकरी सोडली म्हणून. तुझ्या गॅरेजात भागी करणार होता."

ऑगस्टीनला हे ठाऊक नव्हतं.

"मी म्हटलं, मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. तो एक शब्द बोलला नाही. गाडी काढली नि गेला." मास्तरांनी फांदी उन्हात धरून बघितली. "रागात माणूस बोलतो, ऑगस्टीन. बोलण्याने काय होतं? गाडी गेली ती तुझ्या रबरामुळे."

"हो, मास्तर."

"ते तुकडे निघाले की माझ्या हातात दे. मला बघायचेत."

आवाजात ठपका नव्हता. उलट, काहीतरी मागितल्यासारखा तो आवाज होता, आणि त्याचीच ऑगस्टीनला जास्त भीती वाटली.

शेवटी चकतीच राहिली. नवी चकती मिळाली होती, ती खिशात घालून तो गाडीखाली शिरला. तिथवर हात न्यायलाच त्याला बराच वेळ लागला. बोटांना फाटकं टोक लागेल म्हणून दात आवळून त्याने हात वर केला. बोट रबरावरून फिरलं आणि फिरून पुन्हा जिथून निघालं तिथेच आलं. त्याने रॉकेलच्या चिंधीने चिखल पुसला, बॅटरी धरली. बोल्ट घट्ट होते. त्यांना बांधलेली तांब्याची तार डावीकडे पिळलेली होती, कारण ऑगस्टीन डावखुरा. चकती अख्खी होती.

विश्वास बसेना म्हणून बाहेर येऊन, उघड्या दारातून हात घालून त्याने स्टिअरिंग फिरवलं. जॅकवर उचललेली पुढची चाकं गंजाचा कुरकुर आवाज करत डावीकडे वळली, मग उजवीकडे.

आठ वर्षांनी त्याचा जीव भांड्यात पडला. पुन्हा गाडीखाली शिरून, पडल्या पडल्या तो रडला. आता ही चकती घेऊन चर्चच्या आवारात उभं राहायचं, 'टायर घालू नकोस' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नाकासमोर धरायची, असं त्याच्या मनात आलं. बाहेर यायला तो सरकलाही, आणि त्याला समोर चपला दिसल्या.

"निघालं का?" मास्तरांनी विचारलं.

ऑगस्टीन होता तिथेच थांबला. रस्ता कोरडा होता. ब्रेकची खूण कोणाला दिसली नव्हती. आणि आता स्टिअरिंगही धड निघालं. म्हणजे त्या वळणावर रुडीने ते फिरवलंच नव्हतं. डोळे भरून आले असतील, भान नसेल, की ठरवूनच गेला असेल, ते त्याचं त्याला ठाऊक. पण शेजारच्या रिकाम्या सीटवर त्या सकाळी कोणाचे शब्द बसले होते, ते ऑगस्टीनला कळलं. मास्तरांना तर कळायला क्षणही लागला नसता.

"जरा वेळ लागंल, मास्तर. गंजलंय सगळं."

चपला दूर गेल्या. त्याने बोल्ट सोडवले, चकती खाली घेतली आणि करवतीच्या पात्याने मधोमध कापली. टायरच्या आतलं कापड चिवट होतं, लवकर कापलं जाईना. आपलं काम चोख होतं हे त्याला तेव्हा हातांनी कळत होतं, आणि फार वाईट वाटत होतं. मग त्याने दोन्ही कडांना ग्रीस आणि माती चोळली आणि नवी चकती बसवून बाहेर आला.

"हे बगा. तुटलेलंच होतं," तो तुकडे पुढे करत म्हणाला. "माजीच चूक, मास्तर."

मास्तरांनी तुकडे उजेडात धरले. कडेवरून अंगठा फिरवला, तसं ग्रीस पुसलं गेलं. अंगठा मध्येच थांबला, मागे आला आणि पुन्हा एकदा सावकाश फिरला. पात्याने कापलेलं काय आणि आपसूक तुटलेलं काय, हे त्या अंगठ्याला कोणी सांगायला नको होतं.

मास्तरांनी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले. ते नीट जुळले.

"बरं," ते म्हणाले, तुकडे खिशात घातले आणि वाडीत निघून गेले. अंधार पडेपर्यंत ते घरात आले नाहीत.

मृतांच्या दिवशी ऑगस्टीन गाडी सुरू करून द्यायला आला. शेजारच्या बायकांनी कार्मिनबाईंना उचलून गाडीत उशांवर बसवलं होतं. त्यांच्या मांडीवर मेणबत्त्या होत्या आणि चाफ्याची फुलं. रस्त्यावरून कबरस्तानाकडे निघालेली माणसं फाटकाशी रेंगाळली होती. मास्तर पांढरा शर्ट घालून आले, चालकाच्या बाजूचं दार उघडलं, पण बसले नाहीत. त्यांनी चावी ऑगस्टीनपुढे धरली.

"तू चालव."

"मास्तर, लोक बगतायत."

"बघू देत. म्हणूनच सांगतोय."

"आनि तुमी?"

"मी मागून चालत येतो."

त्यांचे डोळे सुजलेले होते. ऑगस्टीनने चावी घेतली.

इंजिन सुरू झालं. फडताळातली एकही कपबशी वाजली नाही.

"चालू झाली का?" कार्मिनबाईंनी विचारलं.

"झाली, बाई."

त्या बराच वेळ कान देऊन राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले.

ऑगस्टीन माणसाच्या चालीने गाडी नेत होता. फुलं घेतलेले लोक बाजूला होत, स्टिअरिंगवर कोण आहे ते बघत आणि गप्प होत. पुढे वळण आलं, वळणाच्या पलीकडे बावखलाचं हिरवं पाणी. त्याने स्टिअरिंग फिरवलं.

कार्मिनबाईंचं अंग जरासं त्याच्या बाजूला कललं.

"वळली," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"हो, बाई."

मागून येणाऱ्या चपलांचा आवाज बावखलापाशी थांबला. ऑगस्टीनने गाडी कडेला घेतली, आणि तो आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत मागे न बघता वाट पाहत बसला.