हाताखालचा माणूस

नरेशने काचेचा दरवाजा ढकलला आणि त्याचे पाय तिथेच अडखळले. भिंतीकडच्या खुर्चीवर आबाजी बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, नखांत ग्रीस तसंच.

सकाळीच त्याने त्यांना फोनवर सांगितलं होतं, बायकोला दवाखान्यात न्यायचंय, आज गॅरेजला येत नाही. चौक गावातल्या आबाजींच्या गॅरेजात, त्यांच्याच हाताखाली, तो मेकॅनिक झाला होता. आता खालापुरातल्या या ट्रान्सपोर्ट कंपनीने स्वतःचं वर्कशॉप काढलं होतं आणि तो तिथे मुलाखतीला आला होता. ठरल्या तारखेला पगार, आठवड्याची सुट्टी, आणि आबाजींसारखा गिऱ्हाइकासमोर आईवरून शिवी देणारा मालक नाही. पण इथला साहेब कसा निघेल, कोण सांगणार? गॅरेज सोडावं की नाही, ते काही केल्या त्याचं ठरत नव्हतं.

आबाजी आपल्याला पकडायलाच आले, असं त्याला वाटलं.

"बस रं, नऱ्या," ते म्हणाले. बायकोची चौकशी केली नाही.

"तुमी इथं?"

उत्तर येण्याआधीच शिपायाने नरेशला आत बोलावलं.

साहेबांनी क्लचचं विचारलं, ब्रेकचं विचारलं. नरेश तुटक बोलत राहिला. लक्ष सगळं काचेपलीकडे होतं.

"मुख्य मेकॅनिक म्हणून घेतो तुम्हाला," साहेब म्हणाले. "हाताखाली एक हेल्पर मिळेल. बाहेर बसलेत ना, ते यायला तयार आहेत. त्यांच्या गॅरेजची भाड्याची जागा जागामालकाने विकली. तेही चौकचेच. ओळखता?"



"ओळखतो."

"वय झालंय त्यांचं. सांभाळता येईल? नाही म्हणालात तर दुसरा बघतो."

नुसतं 'नाय' म्हणायचं होतं. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका शब्दात फिटलं असतं. काचेतून आबाजी दिसत होते. मांडीवर हात पालथे ठेवून ताठ बसलेले.

"जरा भाईर जाऊन येतो, साहेब."

तो आबाजींसमोर जाऊन उभा राहिला.

"जागा गेली, मला बोलला नाय तुमी."

"बोललो असतो तर तू थांबला असतास? हातातल्या गाड्या पुऱ्या व्हायच्या होत्या." आबाजी त्याच्याकडे बघत नव्हते.

"साहेब काय इचारतायत, म्हाईत हाय?"

"हाय." त्यांचा आवाज खाली गेला. "नोकरी बरी हाय रं. जेवायच्या खोलीत पंखा हाय, मी बघून आलो. माझं सोड, तू घे."

आबाजींनी शर्टाची बाही उगाच सरळ केली.

"हितं तुला साहेब म्हणाय लागंल का?"

नरेशने मान फिरवली. बाहेर एक ट्रक मागे घेत होते, कुणीतरी पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला थांबवत होतं.

"नाय," तो म्हणाला. "नावानंच हाक मारा."

मग तो आत गेला आणि उभ्याउभ्याच त्याने विचारलं,

"आमी दोघांनी कधीपासून यायचं, साहेब?"