मिठाचे पाणी

लाँड्रीचा कारभार थोरल्या जाऊबाईंचा होता आणि गेल्या तीस वर्षांत त्यांच्या शब्दाबाहेर तिथला हँगरही हलला नव्हता. शेजारच्या देशात सहलीला जायचे ठरले, तेव्हा त्याचा बेतही त्यांनीच आखला. चार दिवस बागा आणि पाचव्या दिवशी, निघता निघता, समुद्र.

"समुद्र आधी करू या ना, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "एकदा घोटाभर पाण्यात उभी राहते, मग बागा तुम्ही म्हणाल तितक्या बघते."

धाकटीची उभी हयात दुकानामागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून गेली होती. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता. गुडघ्यांमुळे पुन्हा एवढा प्रवास व्हायचा नाही, हे डॉक्टरांनी बजावले होते.

"मिठाचं पाणी कापडाला खातं, हे आता मी तुला सांगायचं?" थोरलीने जागच्या जागी निकाल लावला. "ओलं पातळ चार दिवस पिशवीत कुजवायचं? शेवटी भिज, म्हणजे घरी गेल्या गेल्या धुता येईल."

"हॉटेलातही धुऊन देतात की."

"आपले कपडे परक्याच्या हाती? मी जिवंत असताना?"

धाकटी हसली. "राहिलं. तुमच्यापुढे कोणाची डाळ शिजलीय!"

बागा देखण्या होत्या, यात वाद नाही. टेकडीवरच्या बागेतून समुद्राची निळी कड दिसली, तेव्हा धाकटी कठडा धरून उभीच राहिली. "चल गं, कारंजं बंद होईल," म्हणत थोरलीने तिला पुढे काढले.

पाचव्या दिवशी किनाऱ्यावर लाल निशाण फडकत होते. वाळूत आडवा दोर बांधला होता आणि रखवालदार शिट्टी फुंकून लोकांना मागे हटवत होता.

"समुद्र खवळलाय," गाइड म्हणाला. "कालपर्यंत अगदी शांत होता हो."

"त्याला सांगा, दोनच मिनिटं. मी तिचा हात धरून उभी राहते." ज्या आवाजाने दुकानातली माणसे धावत, तो आवाज ऐकून रखवालदाराने नुसते निशाणाकडे बोट दाखवले.

"असू द्या हो," धाकटी म्हणाली. "पाहिला ना डोळे भरून? झालं तर."

चुकले माझे, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण त्यांची सवयच नसलेल्या जिभेवर ते येईनात. "ऊन फार आहे, चल," असे म्हणून थोरली वळली.

बसमध्ये तिने खिडकीची जागा धाकटीला दिली. धाकटीचा तिथे लगेच डोळा लागला. आणि मग, कोणीच सांगितले नव्हते असा, समुद्र रस्त्याला येऊन भिडला. लाटांचे तुषार काचेवर उडत होते. उठवावे, तर बिचारीला पुन्हा नुसताच दाखवायचा, तोही काचेआडून. न उठवावे, तर तेही आपणच ठरवल्यासारखे. थोरलीचा हात धाकटीच्या खांद्यापर्यंत गेला आणि तसाच थांबला. रस्ता वळला, तरी तिचे ठरले नव्हते.