खालच्या ओळीतली पिन

माझा धाकटा भाऊ बसस्थानकावर घोषणा करायचा. सव्वीस वर्षं केल्या. त्याचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता, पण तो दुकानात शिरून "अर्धा किलो साखर द्या" म्हणाला की चार माणसं वळून बघत. घरीही त्याची ती सवय सुटली नव्हती. अकरा वर्षांच्या लेकीला जेवायला यायला उशीर झाला की तो स्वयंपाकघरातून गरजायचा, "मुंगी गाडी आज वीस मिनिटं उशिराने धावत आहे. प्रवाशांनी भात सुरू करावा!" मुंगी हे तिचं घरातलं नाव, सारखं काहीतरी उचलून इकडचं तिकडे करत असायची म्हणून पडलेलं.

त्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टरांनी तारीख दिली आणि सोबत एक छापील यादी दिली. तिच्यात सहाशे वाक्यं होती. ती संगणकासमोर वाचून साठवली तर पुढे तो जे टाइप करेल ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलून दाखवणार होतं. किमान तीनशे वाक्यं तरी हवीत, असं डॉक्टर म्हणाले. आवाज रोज वीस मिनिटांच्या वर टिकत नव्हता. तरी शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यात त्याची पाचशे बारा झाली होती.

अडचण विजेची होती. दिवसातून तीन-चार वेळा ती जायची आणि संगणक फटकन बंद पडायचा. त्यातून वाक्यं साठत होती बाहेरून जोडलेल्या एका डिस्कवर, कारण संगणकाच्या पोटात जागा उरली नव्हती. दुरुस्तीवाल्यानं डिस्कचा कुरकुर आवाज ऐकून सांगितलं, "असे आणखी दोन-चार झटके बसले की ही मान टाकेल. आधी यूपीएस आणा. मग लगेच या वाक्यांची दुसरी प्रत काढा. आत्ता काढायला जाऊ नका. मध्येच वीज गेली तर आहे तेही घालवून बसाल."

यूपीएस म्हणजे बॅटरीची पेटी. वीज गेली की ती संगणकाला काही मिनिटं चालू ठेवते. ती निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी अडतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. मी मुंगीला बरोबर घेतलं.

दुकानदारानं सगळ्यात मोठ्या पेटीवर हात ठेवला. "आजोबा, ही न्या. फ्रीजसुद्धा चालेल."

"फ्रीजला काही बोलायचं नाहीये," मुंगी म्हणाली.

दुकानदार हसला. मी तिच्याकडून घरूनच बेरीज करवून आणली होती: संगणक एकशे ऐंशी वॅट, पडदा तीस, डिस्क बारा. तिनं एका लहान पेटीवरचा ठळक आकडा वाचला. "काका, सहाशे! खूप झाले."

"ठळक आकडा असाच असतो. खाली बारीक अक्षरात बघ."

तिनं पेटीला नाक लावलं. "तीनशे साठ वॅट."

"आपले किती?"

"दोनशे बावीस. म्हणजे पुरेल. पण किती वेळ?"

"पंधरा मिनिटं," दुकानदार म्हणाला.

"वाक्य संपवून सगळं नीट बंद करायला दोन मिनिटं लागतात," ती म्हणाली. "द्या ही."

एवढा नीट विचार करणारं मूल समोर असलं की मला दुसरं काही सुचत नाही. आता वाटतं, तिथंच माझं चुकायला लागलं होतं.

पेटी रात्रभर नुसती चार्ज केली आणि बुधवारी दुपारी जोडायला घेतली. पेटीच्या पाठीवर पिना खोचायच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीला बॅटरीची वीज मिळते. खालची ओळ फक्त विजेचा दाब अचानक वाढला तर यंत्राला सांभाळते. वीज गेली की तीही जाते. हे मी तिला पुस्तिकेतून वाचून दाखवलं आणि मागे हात बांधून उभा राहिलो. तिनं संगणकाची पिन वर लावली, पडद्याचीही वर लावली. डिस्कची पिन जाडजूड होती, शेजारच्या पिनांना अडत होती. तिनं दोनदा ढकलून पाहिली आणि मग खालच्या ओळीत लावून टाकली.

मी ते पाहिलं.

आणि काही बोललो नाही. वर्गात मूल तार उलटी जोडायचं तेव्हाही मी बोलत नसे. चूक स्वतःला सापडली तर मूल ती जन्मभर विसरत नाही, या विश्वासावर मी सगळी नोकरी केली होती.

मग तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा चालूच राहिला. तिच्या आईनं टाळ्या वाजवल्या. भाऊ आवाज राखून होता, त्यानं नुसती मान डोलावून मुठीनं टेबल वाजवलं. डिस्कवरचा निळा दिवा विझला होता, तो माझ्याशिवाय कुणी पाहिला नाही. तेव्हा डिस्कवर काही लिहिलं जात नव्हतं, म्हणून निभावलं.

"मुंगी," निघताना मी म्हणालो, "आपल्या चाचणीत एक गोष्ट बघायची राहिली. उद्या नऊला प्रत काढायला पेनड्राइव्ह घेऊन येतो, तेव्हा सांग."

"अवघड आहे?"

"डोळ्यांसमोर आहे."

भाऊ रोज दहाला वाचायला बसायचा. माझ्या हिशेबात मध्ये पुरा एक तास होता. पण गुरुवारी त्याला जाग आली ती मोकळ्या घशानं. खूप दिवसांनी घसा मोकळा वाटला, तो वाया कशाला घालवायचा म्हणून तो साडेसातलाच बसला. सात वाक्यं झाली. आठवं साठत असताना वीज गेली.

"भाऊजी, जरा येता का?" मुंगीच्या आईचा फोन आला. "पेटी चालू आहे, पडदा चालू आहे, पण वाक्यं दिसत नाहीयेत."

दुरुस्तीवाला अकरापर्यंत डिस्कशी झगडला. मग त्यानं हात पुसले. "आतली तबकडी खरवडली गेलीय. कुठंही पाठवलीत तरी यातून काही निघणार नाही." त्यानं वायर हातानं चाचपत पेटीपर्यंत नेली. "ही खाली कुणी लावली?"

"मी," मुंगी म्हणाली.

"एवढं एकच बघायचं होतं गं तुला!" तिची आई म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून आत गेली.

मुंगी उभ्या जागी आक्रसली. माझ्या जिभेवर आलं होतं, पण तोंड उघडलं नाही. घरी जातो म्हणालो आणि खरंच गेलो. दोन गल्ल्या पलीकडे माझं घर. चार तास मी खुर्चीत बसून होतो आणि तेवढा वेळ ती पोर ते सगळं एकटीच्या डोक्यावर घेऊन बसली होती. हे लिहितानाही मला त्या चार तासांचं कारण देता येत नाही. भीती वाटली, एवढंच.

तीन वाजता परत गेलो. तिघंही बाहेरच्या खोलीत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "पिन खाली लागली ते मी बुधवारीच पाहिलं होतं. दिवा विझलेलाही पाहिला. तिची चूक नाही. मी गप्प राहिलो."

मुंगीच्या आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती नवऱ्याकडे बघायला लागली.

भावानं लिहून बोलायची पाटी उचलली, खडू घेतला, आणि खाली ठेवला. "दादा," तो बोलला. त्याला बोलायचं नव्हतं. शस्त्रक्रिया सोमवारी होती, त्याआधीच्या शनिवार-रविवारसाठी प्रत्येक शब्द राखायचा होता. "तू पाहिलंस. आणि घरी जाऊन जेवलास?"

"हो."

"झोपलास?"

"हो."

खोकल्याची उबळ आली. पुढचे दोन शब्द फाटके निघाले. मला ते कळले नाहीत आणि पुन्हा म्हणायला सांगायची हिंमत झाली नाही.

"पण का नाही सांगितलंत?" मुंगीनं विचारलं. ती रडत नव्हती.

"तुझं तुला सापडावं म्हणून."

"मला शिकायचं नव्हतं, काका," ती म्हणाली. "मला फक्त ते चालायला हवं होतं."

अडतीस वर्षांत मुलांनी मला असं पुष्कळदा अडवलं होतं. पण तेव्हा मला दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून आणता यायचं.

तीन दिवसांत तीनशे वाक्यं होणं शक्य नव्हतं. म्हणजे आता यंत्र त्याच्या आवाजात काही नवं बोलणार नव्हतं. जे तो आत्ता म्हणेल तेवढंच राहणार होतं, बटण दाबून ऐकायला. भावानं छापील यादी बाजूला सारली आणि पाटीवर स्वतःची लिहिली. हो. नको. पाणी दे. दुखतंय. मी इथेच आहे. उशीर का झाला? खाली बायकोचं नाव, मुलीची दोन्ही नावं. ती यादी वाचायला मला फार वेळ लागला.

शनिवारी मी दारातच थांबलो. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मुंगीनं सगळ्या पिना लावल्या, नव्या पेनड्राइव्ह दोन लावल्या, आणि मान न वळवता हाक मारली, "काका. इथे काही चुकलं असेल तर आत्ता सांगा."

मी आत गेलो, गुडघ्यांवर बसून प्रत्येक वायर हातानं पाहिली. "मायक्रोफोनची वायर ताणलीय, सुटेल," मी म्हणालो.

तिनं ती सैल केली. "अजून?"

"अजून काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं मान डोलावली. मी परत दाराशी गेलो.

रविवारी दुपारपर्यंत एकतीस झाली. प्रत्येक वाक्यानंतर ती बोट वर करायची, दोन्हीकडे साठवायची, ऐकून बघायची आणि मगच बोट खाली. बत्तिसावं होतं तिचं शाळेतलं, पूर्ण नाव. भाऊ पाणी प्यायला, त्यानं छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली. आवाज आला नाही, नुसती हवा आली. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा हवाच.

त्याची बायको उठून खिडकीकडे गेली.

"आता पुरे, बाबा," मुंगी म्हणाली. तिनं ते ऐकून पाहिलं, शेवटपर्यंत, ती हवा. मग तिनं त्या हवेला बत्तीस नंबर दिला आणि दोन्हीकडे साठवलं.