मण्याएवढा ठिपका

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात माझी मान अशी धरली की कुणी हाक मारली तर सगळं अंग फिरवावं लागे. तेवढ्यावर भागलं असतं तर मी कुणाला सांगितलंही नसतं. पण दुसऱ्या दिवशी घोटभर पाणी गिळताना डोळ्यांत पाणी आलं, आणि तिसऱ्या दिवशी थुंकीही गिळवेना. अंगात कणकण होती. पौडच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढायला सांगितलं.

एक्स-रे काढायची सुलताना. दोन खोल्यांत तिचं दुकान. फोटो स्वच्छ आणि तोंड फटकळ, अशी तिची ख्याती. मला पाहताच म्हणाली, "ताई, कानातलं, गळ्यातलं समदं काढा."

"मंगळसूत्र नाही काढायची."

"मग फोटो न्हाई काढायची मी."

मीही काही गरीब गाय नाही, पण त्या दिवशी भांडायला गळा नव्हता. माझे यजमान, चंद्रकांत, बाहेर बाकावर बसले होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हिच्या गळ्यातलं कधी उतरलं नाही, असं हे चारचौघांत अभिमानाने सांगायचे. आदल्या वर्षी यांचं हृदयाचं दुखणं निघालं, तेव्हापासून तर जास्तच. मी दाराकडे पाहिलं. सुलतानाने ते लोटून घेतलं, मंगळसूत्र हलक्या हाताने काढलं आणि रुमालात गुंडाळून माझ्या मुठीत दिलं. "घट्ट धरा. तुमच्यापासनं लांब गेलं न्हाई." एवढ्या फटकळ बाईला हे कसं सुचलं, याचं मला तेव्हाच कौतुक वाटलं.

फोटोत तिला एक पांढरा ठिपका दिसला. फिल्मवर धूळ बसली असेल, म्हणून तिने दुसरा काढला. आपल्या कामात कचरा तिला खपत नसे. तो वाळेपर्यंत थांबायला यांना धीर नव्हता. मंगळसूत्र गळ्यात घालून मी बाहेर आले आणि पहिलाच फोटो घेऊन आम्ही पुणं गाठलं.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात सर्जननी फोटो उजेडावर धरला. मणक्यांपुढे सूज होती. "घशामागे पू झालेला दिसतोय. उद्या सकाळी गळ्याला छेद देऊन काढावा लागेल." मग ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "हा दागिना आहे का?"

"मंगळसूत्राचा मणी असेल," हे म्हणाले. "सव्वीस वर्षांत तिने ते एकदाही काढलेलं नाही."

मी गप्प राहिले. बोलायला दुखत होतं, मान हलत नव्हती, सगळं खरं. पण हात हलत होता. तो मी हलवला नाही.

संध्याकाळी सलाईन चालू असताना सुलताना दारात उभी. पहिल्या फोटोतला ठिपका दुसऱ्यातही त्याच जागी आहे हे पाहिल्यावर तिने दुकान बंद केलं होतं आणि पौडच्या डॉक्टरांकडून पत्ता घेऊन एसटीने आली होती. सर्जन तपासायला आलेलेच होते. तिने दुसरा फोटो त्यांच्यापुढे धरला.

"साहेब, ह्यो मणी न्हाई. गळ्यात काई नव्हतं. मी सोता उतरवलं."

"शक्य नाही," हे म्हणाले. "तिने कधीच काढलेलं नाही."

सुलतानाने वाद घातला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"काढलं होतं," मी म्हणाले.

सर्जन मोठ्या मनाचे. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला, सीटी स्कॅन करवला. पू नव्हताच. मानेच्या पुढच्या स्नायूच्या टोकाशी कॅल्शियम साठलं होतं, त्यानेच ही सूज. गोळ्यांनी आठ-दहा दिवसांत उतरेल म्हणाले, आणि छेद रद्द केला. मग सुलतानाला म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं."

"शिकवलं असतं कुणी तर झालेच असते," ती म्हणाली आणि पौडची गाडी पकडायला गेली. मी तिचे नीट आभारही मानू शकले नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"उद्या तुझा गळा कापणार होते," हे म्हणाले. "तुला माहीत होतं तो मणी नाही. तरी बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कळलं असतं म्हणून," मी म्हणाले.