छातीतल्या गाठी

धुळाजी मेंढपाळ आणि त्याची बायको मनकर्णा हैदराबादच्या दवाखान्यातून परत येताना परळीच्या गाडीत बसले. वर्षापूर्वी तिच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली होती. आता खोकला लागला म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तर फुफ्फुसांजवळच्या गाठी सुजलेल्या दिसल्या. आजार तिथवर पोचला असेल किंवा साधी सूजही असेल, दोन महिन्यांनी पुन्हा बघू, असं ते म्हणाले.

"अवं, ह्या नव्या गाठी कुठून आल्या?" मनकर्णानं विचारलं.

"नव्या न्हाईत. समद्यांनाच असत्यात. मेंढीच्या खुराला जखम झाली की जांघेत गाठ फुगती ना, तशा."

"मग मेंढी मरती का?"

"एखादी मरती. लई बऱ्या होत्यात. नुसत्या सुजेवरून मला कधी कळलं न्हाई."

ते दोन महिने धुळाजीनं तिला तट्टावर बसवून मेंढरांमागं नेलं. भाकरी तोच थापायचा. त्या जाड व्हायच्या, पण ती हसत खायची.

दुसऱ्या फोटोत गाठी लहान झाल्या होत्या. धुळाजी डॉक्टरांसमोरच रडायला लागला. मनकर्णा पदरानं त्याचं तोंड पुसत राहिली.